रविवारी मुलांना शिकवायला जायचंय? नागपुरातल्या दोन ठिकाणांचा माझा अनुभव

मागच्या दीड वर्षापासून मी दर रविवारी सकाळी मानेवाड्याहून निघून एका वस्तीतल्या समाजभवनात मुलांना शिकवायला जाते, आणि महिन्यातून दोन शनिवार मुलींच्या एका बालगृहात. हे ऑफिसात, सोसायटीत, नातेवाइकांत कळल्यापासून दर आठवड्याला कोणी ना कोणी विचारतंच की ताई आम्हालाही यायचंय, कोणती संस्था चांगली, वेळ द्यावा लागतो का पैसे, आम्हाला जमेल का. फोनवर प्रत्येकाला अर्धं अर्धं सांगितलं जातं, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

संस्थेचं नाव मात्र इथे लिहिणार नाही. बालगृहात ज्या मुली राहतात त्यातल्या काहींच्या घरच्याच माणसांवर केस चालू आहे, कोणाचा काका, कोणाचा सावत्र बाप, कोणाच्या शेजारचा, आणि त्यातले काही जामिनावर बाहेर फिरतायत. एखादी मुलगी कुठे राहते, कोणत्या शाळेत जाते, कोणत्या वारी बाहेर येते हे नावावरून जोडत जोडत शोधता येतं. ज्याला खरंच काम करायचंय त्याने मला मेसेज करावा, मी संस्थेला विचारून त्यांचा नंबर देईन. मुलांबद्दल जे लिहिलंय त्यातही वय, गाव, नातं असं बरंच बदललंय.

आधी पहिल्या ठिकाणाबद्दल, म्हणजे या संस्थेच्या आधी मी जिथे जायचे त्याबद्दल थोडक्यात, कारण त्याच्यामुळेच मला दुसऱ्याची किंमत कळली. तिथे मी चार महिने गेले. व्हॉट्सॲपवर ग्रुप होता, शनिवारी रात्री मेसेज यायचा उद्या कोण कोण येतंय, आणि ज्याने अंगठा दाखवला तो सकाळी हजर, ना फॉर्म ना ओळखपत्र, मी कोण, कुठे राहते, काय करते हे चार महिन्यांत मला कोणी विचारलं नाही. येणाऱ्यांचं मन चांगलंच होतं, त्यात शंका नाही, कॉलेजची पोरंपोरी असायची, कोणी वाढदिवसाला समोसे वाटायचं, कोणी वह्या. पण दर रविवारी नवे चेहरे. मुलं पहिली दहा मिनिटं नाव काय, कितवीत, मोठं होऊन काय बनणार हेच सांगत बसायची, आणि मी बघितलं की तिसऱ्या महिन्यात त्यातल्या दोघातिघांनी प्रत्येक नव्या ताईला वेगळंच नाव सांगायला सुरुवात केली होती. ते बघून मला वाईट वाटलं, कारण त्यांना कळून चुकलं होतं की हा माणूस पुन्हा येणार नाही, याला खरं नाव सांगून करायचं काय.

मग एके दिवशी ग्रुपवर एक फोटो आला. एका मुलीला वह्या-दप्तर देतानाचा, खाली लिहिलेलं की अत्याचारातून वाचलेल्या चिमुकलीला आमचा मदतीचा हात. चेहरा धूसर केला होता, पण शाळेचा गणवेश दिसत होता, मागे किराणा दुकानाची पाटी दिसत होती, आणि वस्तीतल्या कोणालाही एका नजरेत कळलं असतं ही कोण. मी तिथल्या ताईंना फोन केला की हे काढा लगेच, तर त्या म्हणाल्या अहो चेहरा कुठे दिसतोय. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याच्या कलम 23 मध्ये स्पष्ट आहे की नाव आणि फोटो तर नाहीच पण पत्ता, घरचे लोक, शाळा, शेजार, ज्याच्यातून मूल ओळखू येईल असं काहीच प्रसिद्ध करायचं नाही. हे मलाही तेव्हा माहीत नव्हतं, त्या रात्री वाचलं. फोटो दुसऱ्या दिवशी निघाला, पण तोपर्यंत किती जणांच्या स्टेटसवर गेला असेल काय माहीत. मी जाणं बंद केलं. त्या मुलीचा विचार अजूनही येतो.

आता ज्या ठिकाणी जाते तिथलं सांगते. पहिला फोन केला तेव्हा तिकडच्या समन्वयक मॅडम म्हणाल्या या रविवारी येऊ नका, आधी भेटायला या. भेटायला गेले तर दोन पानी फॉर्म, ओळखणाऱ्या दोन माणसांची नावं आणि त्यांना यांचा खरोखर फोन गेला (माझ्या जुन्या शाखेतल्या साहेबांना वाटलं मी नोकरी बदलतेय), पोलिसांची चारित्र्य पडताळणी, त्याचा ऑनलाइन अर्ज मलाच भरायला लावला, मग ठाण्यात जाऊन या, कागद दाखवा. हे सगळं व्हायला महिना गेला. सोबत फॉर्म भरलेल्या दोघी याच्यातच गळल्या, एक तर चिडूनच गेली की आपण फुकट काम करायला आलोय आणि हे आपल्यालाच चोर समजतात. मला तेव्हा तिचं पटलं होतं, आता अजिबात नाही पटत. लहान मुलांना त्रास देणारा माणूस बहुतेक वेळा ओळखीचा, घरात येणारा-जाणारा, मुलांशी गोड बोलणारा असतो, आणि जिथे मुलं सहज भेटतात तिथे असा माणूस जाणारच, मग दारातच चौकशी नको का? जी संस्था पहिल्याच फोनवर या म्हणते तिथे मी आता माझ्या भाचीला पाठवणार नाही, शिकायलाही नाही आणि शिकवायलाही नाही.

त्यानंतर एक पूर्ण दिवस ट्रेनिंग. मला वाटलं होतं कसं शिकवायचं ते सांगतील, पण अर्ध्याहून जास्त वेळ काय करायचं नाही यावरच गेला. मोबाइल आत न्यायचा नाही, बाहेर पेटीत ठेवायचा. कोणत्याही मुलासोबत बंद खोलीत एकटं बसायचं नाही, दार उघडं पाहिजे, कोणाला तरी दिसलं पाहिजे. मुलांना आपला नंबर द्यायचा नाही. एकट्या एका मुलाला भेटवस्तू द्यायची नाही. तुझं काय झालं, तू इथे कशी आलीस हे कधीच विचारायचं नाही. मुलाने स्वतः मिठी मारली तर ठीक, आपण ओढून जवळ घ्यायचं नाही, कारण ज्या मुलाच्या अंगाला न विचारता हात लावला गेलाय त्याला आधी हे कळलं पाहिजे की माझ्या अंगाला कोण हात लावेल ते मी ठरवणार. आणि मी तुला माझ्या घरी नेईन, मी रोज येईन असं कोणतंही वचन द्यायचं नाही. हे शेवटचं ऐकून मी गप्प झाले, कारण पहिल्या ठिकाणी मी दोन पोरींना दिवाळीत घरी नेईन म्हणून आले होते आणि नेलं नव्हतं.

किमान सहा महिने यायचं, आधी न सांगता दोन रविवार चुकवले तर नाव कमी, असं लिहून घेतात. ऐकायला कडक वाटतं, पण खरं काम ह्याच्यावरच चालतं.

रविवारचा वर्ग म्हणजे समाजभवनात पस्तीसेक मुलं आणि आम्ही सहा जण. साडेआठला सुरू, अकराला बंद, कारण एप्रिल-मेमध्ये अकरानंतर टिनाखाली बसणं शक्यच नाही, एकच कूलर आहे आणि तोही पाणी संपलं की गरम हवा फेकतो. मुलांचे आईवडील हमाली, धुणीभांडी, बांधकाम असं करतात, काही घरं छत्तीसगड आणि बालाघाटकडून आलेली, त्यामुळे एकाच सतरंजीवर मराठी, हिंदी, छत्तीसगढी सगळं चालू असतं. शाळेत नाव सगळ्यांचं आहे, हजेरीही लागते, पण पाचवीतल्या पोराला जोडाक्षर वाचता येत नाही असं कितीतरी.

एक पोरगा आहे, आजीसोबत उन्हाळ्यात लिंबं विकतो, संक्रांतीला पतंग. वहीवर 50 वजा 19 लिहून दिलं की त्याचा हात थांबायचा, पेन्सिल तोंडात, नजर खाली, आणि म्हणायचा मले नाही येत. तीन रविवार तेच. चौथ्या रविवारी मी वही बंद केली आणि म्हटलं, गिऱ्हाइकाने पन्नासची नोट दिली, लिंबं झाली एकोणीसची, किती परत देशील? लगेच म्हणाला एकतीस. मग शंभरची नोट, लिंबं झाली त्रेसष्टची. सदतीस. इतक्या वेगाने की मला मनात मोजायला वेळ लागला. मग तेच त्याच्यासमोर वहीत आडवं-उभं लिहिलं, की बघ तू आत्ता हे केलंस. तो कितीतरी वेळ त्या पानाकडे बघत होता, मग म्हणाला, हे वजाबाकी होय काय? आता तो लहान पोट्ट्यांना नोटा कापून कापून शिकवतो, आणि त्याचा पहिला प्रश्न असतो, सुट्टे आहे का तुयाजवळ?

ही गोष्ट चौथ्या रविवारी झाली हे सांगायचं कारण एवढंच की पहिल्या तीन रविवारी मी बघत होते म्हणून चौथ्याला सुचलं. दर आठवड्याला माणूस बदलला असता तर दर आठवड्याला त्याला येत नाही एवढंच कळलं असतं.

बालगृहातलं काम याहून वेगळं. तिथे आम्ही शिकवायला जातो म्हणतो पण खरं म्हणजे सोबत बसायला जातो. शिवण, चित्रं, कॅरम, गृहपाठ, कधी नुसत्या वेण्या घालणं. एक मुलगी पहिले चार शनिवार माझ्याशी एक शब्द बोलली नाही. बसताना चपला पायाजवळच ठेवायची, बाहेर रांगेत नाही, म्हणजे उठलं की लगेच पायात. कोणी मागून गेलं की खांदे वर. मी काही विचारलं नाही, ट्रेनिंगमध्ये सांगितलंच होतं. पाचव्या वेळी मी निघताना तिने वहीचं मागचं पान उघडून दाखवलं, त्यावर पेनाने उभ्या रेघा मारल्या होत्या, आणि म्हणाली, तुमी पुढच्या शनिवारी नाही येत न, त्याच्या पुढच्या येता. मी म्हटलं हो, त्याच्या पुढच्या. तिने मान हलवली आणि वही मिटली. त्यानंतर एकदा मला वर्ध्याला लग्नाला जायचं होतं तर मी तिला पंधरा दिवस आधी सांगितलं, तारीख सांगितली, परत कधी येणार तेही, आणि तिने माझ्यासमोर त्या जागी रेघेऐवजी गोळा काढला. चपला आता दाराबाहेर असतात. कधीपासून, ते माझ्या लक्षात नाही आलं.

तान्हा पोळ्याचं तर सांगितलंच पाहिजे. नागपूरच्या बाहेर वाढलेल्यांना कदाचित माहीत नसेल, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुलं लाकडी बैल सजवून घरोघरी नेतात आणि घरचे बोजारा देतात, नाणं, चॉकलेट, जे असेल ते. बालगृहातल्या मुलींनाही बैल न्यायचा होता, पण घरोघरी जाणार कसं, बाहेर पाठवता येत नाही. मग तिथल्या अधीक्षिका ताईंनी काय केलं, आतल्याच दारांची घरं केली. ऑफिस एक घर, स्वयंपाकघर एक घर, शिवणाची खोली, औषधाची खोली, चौकीदार काकांची केबिन, अशी आठ घरं, आणि प्रत्येक दारात आम्ही कोणी ना कोणी ताट घेऊन उभं. मुलींनी बेगड चिकटवून, शिंगांना लाल कागद लावून बैल नटवले होते, चाकाला दोरी बांधून ओढत आल्या, वाजत गाजत. स्वयंपाकवाल्या मावशींनी प्रत्येक बैलाला कुंकू लावलं, मुलींना गरम पुरणपोळी दिली आणि एकेकीला विचारलं, कोणाच्या घरचा बैल हा? पहिल्या दोघी गप्प राहिल्या. तिसरी म्हणाली, आमच्याच घरचा. मग सगळ्यांनीच तसं सांगितलं. हे करायला फारसा खर्च आला नाही, पण हे सुचायला त्या मुली रोज डोळ्यांसमोर असाव्या लागतात.

आता ज्या कारणासाठी मी ही संस्था मनापासून सुचवते ते. मागच्या वर्षी रविवारच्या वर्गात एका मुलाने आमच्यातल्या एका दादाला काहीतरी सांगितलं. काय ते मी लिहिणार नाही. त्या दादाने प्रश्नांची सरबत्ती केली नाही, अरे बापरे केलं नाही, कोणाला सांगणार नाही असंही म्हटलं नाही. तू मला सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही, आता हे मला मॅडमना सांगावं लागेल कारण आपल्याला हे थांबवायचंय, एवढंच बोलला. मग मुलाचे शब्द होते तसेच कागदावर लिहिले, वेळ टाकली, सही केली. मॅडमनी त्याच दिवशी पोलिसांना कळवलं. पोक्सोच्या कलम 19 प्रमाणे ज्याला कळलं त्याने कळवायचंच आहे, संस्थेची बदनामी होईल, वस्तीत राग होईल, घरचे पोरांना पाठवणं बंद करतील असा हिशेब करायला जागाच नाही, आणि न कळवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. वस्तीत राग झालाही. पुढचे तीन रविवार आठ-दहाच मुलं आली. तरी मॅडम घरोघर जाऊन बसल्या, चहा घेतला, लोकांचं ऐकलं, पण तक्रार मागे घ्या म्हणणाऱ्यांना स्पष्ट नाही म्हणाल्या.

पुढे जे झालं त्यातून मला कायदा कळला. मुलाचा जबाब घ्यायला पोलीस गणवेशात नव्हते, मुलाला जिथे बरं वाटेल तिथे घेतला, आणि त्याला रात्री ठाण्यात थांबवता येत नाही हे संस्थेला आधीपासून माहीत होतं म्हणून कोणी सांगायची वेळच आली नाही. प्रकरण पोलिसांनी 24 तासांच्या आत बाल कल्याण समितीला कळवायचं असतं. समितीने सोबतीला सपोर्ट पर्सन दिली, पोक्सोच्या 2020 च्या नियमांत ही तरतूद आहे, म्हणजे दवाखाना, पोलीस, कोर्ट सगळीकडे एकच ओळखीचं माणूस मुलासोबत आणि घरच्यांसोबत राहतं, पुढे काय होणार ते त्यांना समजेल अशा भाषेत सांगतं. मनोधैर्य योजनेचा अर्जही तिनेच भरून घेतला, ती अत्याचारातून वाचलेल्या महिला आणि मुलांसाठी राज्य सरकारची 2013 पासूनची अर्थसहाय्याची योजना आहे आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून चालते, पण तिच्याबद्दल लोकांना इतकं कमी माहीत आहे की त्या मुलाच्या आईला आधी वाटलं पैसे घेतले म्हणजे केस मिटवली असं होईल. तसं नाही, केस वेगळी आणि ही मदत वेगळी.

तो मुलगा होता हे मुद्दाम सांगतेय. लोकांच्या डोक्यात हे फक्त मुलींसोबत होतं असं पक्कं बसलंय. केंद्र सरकारच्या महिला व बाल विकास मंत्रालयाने 2007 साली 13 राज्यांत अभ्यास केला होता, त्यात 53 टक्क्यांहून जास्त मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं, आणि त्यात मुलगे मुलींपेक्षा थोडे जास्तच होते. पोक्सो कायदा मुलगा-मुलगी असा भेद करत नाही, 18 वर्षांखालचं कोणतंही मूल. आणि आपल्या नागपूरकरांनी तर या कायद्याबद्दल जागरूक असायलाच पाहिजे, कारण कपड्यांवरून स्पर्श केला तर तो लैंगिक अत्याचार नाही हा जानेवारी 2021 चा निकाल मुंबई हायकोर्टाच्या इथल्याच खंडपीठातून आला होता, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला. ट्रेनिंगमध्ये आम्हाला हे समजावून सांगितलं, की हेतू बघतात, कापड मधे होतं का हे नाही.

आता कमी काय ते पण लिहिते, नुसतं गोड लिहून उपयोग नाही. फोन उचलत नाहीत लवकर, शनिवार-रविवार तर नाहीच, त्यामुळे नव्या माणसाला वाटतं यांना गरजच नाही. मुलग्यांसाठी पुरुष समुपदेशक नाहीच, सगळं ओझं दोन ताईंवर, आणि तेरा-चौदा वर्षांचा पोरगा ताईंसमोर बोलत नाही. दुसरं म्हणजे आमच्यासारख्यांचं काय हे कोणी बघत नाही. त्या दादाने ते सगळं ऐकलं, लिहिलं, जबाब दिला, आणि पुढचे पंधरा दिवस तो झोपला नाही नीट, वर्गात येऊन नुसता बसायचा. त्याच्याशी समुपदेशक बोलल्या त्या तीन आठवड्यांनी. हे लगेच व्हायला पाहिजे होतं, मी मीटिंगमध्ये बोलले, आता म्हणतात करू. मराठीतली सोप्या वाचनाची पुस्तकं फार कमी, दान आलेली बहुतेक इंग्रजी, जाड आणि जुनी. आणि देणगीची पावती, विचारल्याशिवाय येत नाही.

देणगीचं निघालंच आहे तर, लोक वाढदिवसाला केक घेऊन येतात, पंधरा ऑगस्टला एकाच दिवशी चार जण बिस्किटाचे बॉक्स घेऊन येतात, हिवाळ्यात ब्लँकेटांचा ढीग. मन मोडवत नाही कोणाचं म्हणून ठेवून घेतात. पण खरी गरज कशाची ते विचारा तर, सॅनिटरी पॅड, आतले कपडे मापाप्रमाणे, चपला नंबरप्रमाणे, उवांचं औषध, शाळेच्या रिक्षाचं महिन्याचं भाडं. रिक्षाच्या भाड्याला देणगीदार मिळत नाही कारण त्याचा फोटो काढता येत नाही. दरमहा पाचशे रुपये वर्षभर नेमाने देणारा माणूस त्यांना एकदम दहा हजार देणाऱ्यापेक्षा जास्त कामाचा, हे मला तिथल्या हिशेब बघणाऱ्या काकांनी सांगितलं. देणगीवरची आयकराची सवलत हवी असेल तर रोख 2000 च्या वर देऊ नका, त्याहून जास्त रोख दिली तर ती देणगी सवलतीत धरतच नाहीत, आणि नवी कर प्रणाली घेतली असेल तर ही सवलत मिळतच नाही, तेव्हा सवलतीसाठी थांबू नका. आणि संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का, मागच्या वर्षीचा ऑडिट रिपोर्ट दाखवतात का हे बिनधास्त विचारा. इथे मी विचारलं तर काकांनी फाइलच समोर ठेवली.

ज्यांना वर्गात बसून शिकवणं जमणार नाही त्यांच्यासाठी नागपुरात बाकीही कामं आहेत. विजय बारसे सर हिस्लॉप कॉलेजला क्रीडा शिक्षक होते, 2001 मध्ये त्यांनी झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉलवर आणून स्लम सॉकर सुरू केलं, 2016 ला त्याला फिफाचा पुरस्कार मिळाला, ज्यांना मैदान आवडतं त्यांनी ते काम बघावं. रामभाऊ इंगोले यांनी गंगाजमुना या देहविक्रीच्या वस्तीतल्या मुलांसाठी विमलाश्रम उभा केला. कमलाताई होस्पेट यांनी 1921 साली सीताबर्डीत सुरू केलेला मातृ सेवा संघ शंभरी पार करून चालूच आहे. आणि थोडं लांब, अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरला शंकरबाबा पापळकर बेवारस दिव्यांग मुलांना स्वतःचं नाव देऊन सांभाळतात, 2024 ला त्यांना पद्मश्री मिळाली, आणि त्यांची वर्षानुवर्षांची एकच मागणी आहे की 18 वर्षांची झाली म्हणून अशा मुलांना बाहेर काढू नका. ही मागणी मला बालगृहात गेल्यावर समजली. आमच्या इथली एक मुलगी येत्या मार्चमध्ये अठराची होते. अनुरक्षण गृहात, म्हणजे बालगृहातून बाहेर पडलेल्यांच्या वसतिगृहात, 21 पर्यंत राहता येतं असं कायद्यात आहे पण जागा मिळायला पाहिजे. तिचं अनाथ प्रमाणपत्र काढायचं चाललंय, ते असलं की राज्याच्या 1 टक्का आरक्षणात बसेल, तिला नर्सिंग करायचंय. कोणाच्या ओळखीत नर्सिंगच्या प्रवेशाचं नीट समजावून सांगणारं कोणी असेल तर कळवा, पैसे नको, एक तास वेळ पाहिजे.

पाच पैकी किती म्हणाल तर साडेचार. समुपदेशकाचं जमलं की पाच देईन.

नवी बॅच जूनमध्ये घेतात, म्हणजे आपल्याकडच्या शाळा उघडायच्या आधी. पोलीस पडताळणीला वेळ लागतो, तेव्हा एप्रिलमध्येच फॉर्म मागा. पुरुषांनी पण या, विशेषतः मोठ्या मुलांसाठी फार गरज आहे. आणि आज, आत्ता कोणा मुलाबद्दल शंका असेल तर माझ्या मेसेजची वाट बघू नका, 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन फिरवा, फुकट आहे, रात्री पण चालू असतो.

मी परवा जाताना नऊ नंबरच्या दोन आणि सात नंबरची एक अशा चपला घेऊन जातेय, कॉटन मार्केटच्या बाजूने कोणी येणार असेल तर सकाळी आठला सोबत निघू.